टेकाडातली माणसं

पांढरकवड्याच्या शाळेत मी मराठीचा मास्तर म्हणून लागलो, तेव्हा पहिल्याच सकाळी मला वाटलं की शेजारच्या खोलीतल्या गृहस्थांकडे पाहुणे आले आहेत. त्यांचं दार उघडलं, आतून खणखणीत आवाज आला, "बाजूला व्हा, पाणी येतंय!" आणि मग बादलीभर पाणी अंगणात पडलं. मी घाईने बाहेर येऊन पाहिलं. अंगणात कोणीही नव्हतं. एक कोंबडी होती, पण ती आधीपासूनच बाजूला होती.

"कोणाला सांगितलंत?" मी विचारलं.

"असतील त्यांना," ते म्हणाले आणि बादली भिंतीशी पालथी घालून आत गेले.

हे आमचे इंग्रजीचे सर. वय पन्नाशीचं, खाली धोतर, डोक्यावर काळी टोपी आणि अंगात कोणा गोऱ्या माणसाच्या मापाचा खाकी कोट. त्याच्या बाह्या त्यांच्या बोटांपर्यंत यायच्या, त्यामुळे फळ्यावर लिहिताना खडू बाहीतूनच बाहेर आल्यासारखा दिसे. मी त्यांच्या शेजारी सहा वर्षं राहिलो, त्यांच्याबरोबर चहा प्यायलो, एकदा त्यांना सायकलवर बसवून जीव मुठीत धरून सहा मैल नेलं. पण त्या माणसाला काय खरं वाटत होतं आणि काय खोटं, हे मला आजही सांगता येत नाही.

कोटाचा उलगडा चार दिवसांत झाला. इंग्रजांच्या अमदानीत सर जंगल खात्यातल्या एका साहेबाचे कारकून होते. साहेब आयरिश. पावसाळ्यात नाले भरले की दोघं जंगलातल्या बंगल्यावर आठ-आठ दिवस अडकून पडत. साहेब फायली बाजूला सारून आपल्या आजीच्या गोष्टी सांगत बसे आणि सर त्या लिहून घेत.

"लिहून घे असं तो म्हणाला नव्हता," सर मला म्हणाले. "पण साहेब बोलतो आहे आणि कारकून लिहीत नाही, हे मला जमेना."

साहेब मायदेशी गेला. कोट आणि चार जाड वह्या मागे राहिल्या. सरांनी चाळिशीत बी. ए. केलं आणि मास्तरकी धरली.

वह्यांत जे होतं, ते सगळं एका शब्दाभोवती होतं. तो शब्द त्यांनी एकदा मॅट्रिकच्या वर्गात फळ्यावर इंग्रजी अक्षरांत लिहिला आणि मुलांना वाचायला सांगितलं. कोणी "शिधा" वाचलं, कोणी "सिधे" वाचलं. सर शांतपणे म्हणाले, "उच्चार आहे, शी."

वर्ग जो हसत सुटला तो आवरेना. हेडमास्तर धावत आले. तो शब्द काय म्हणून त्यांनी विचारलं, सरांनी पुन्हा तितक्याच गंभीरपणे सांगितला, आणि हेडमास्तर तोंडावर रुमाल धरून परत गेले. दुपारी मास्तरांच्या खोलीत आमचे संस्कृतचे शास्त्रीबुवा म्हणाले, "लिहायचा शिधा आणि म्हणायची शी. क्रम बरोबर आहे, पोटातही तसंच होतं."

सर हसले नाहीत, रागावलेही नाहीत. ते समजावून सांगायला लागले. तिकडे शेतांतून, कुरणांतून जुनी टेकाडं आहेत, कोणी रचली कोणाला ठाऊक नाही. त्या टेकाडाला तो शब्द. मग टेकाडाच्या आत जी राहतात, त्यांनाही तोच शब्द. उंच, देखणी, आपल्यापेक्षा जुनी माणसं. त्यांची गाणी, त्यांची भांडणं, त्यांचे घोडे. ती आपल्याला दिसत नाहीत पण जवळपास असतात, म्हणून दारातून पाणी फेकण्याआधी त्यांना हाक द्यायची.

"म्हणजे शी म्हणजे टेकाड की माणसं?" मी विचारलं.

"गाव म्हणजे घरं की माणसं? 'गाव जेवायला आलं' म्हणता, तेव्हा कोण येतं?"

"माणसं येतात."

"आणि 'गाव जळालं' म्हणता तेव्हा?"

सरांशी बोलताना हे नेहमी व्हायचं. प्रश्न मी घेऊन जायचो आणि परत येताना माझ्याकडे दोन असायचे.

शिवाय तो शब्द सहसा उच्चारायचाच नाही, असंही ते सांगत. साहेबाची आजी 'भली माणसं' म्हणायची, कारण नाव घेतलं की त्यांचं लक्ष आपल्याकडे जातं. मी म्हटलं, हे काही पटत नाही. सर म्हणाले, "मास्तर, तुमची आई सापाला काय म्हणते?"

माझी आई बाभुळगावची. ती सापाला 'जनावर' म्हणते, तेही हळू आवाजात.

चैत्र-वैशाखात वावटळी उठायच्या. कापसाची पऱ्हाटी उपटून मोकळी झालेली काळी रानं, त्यांतून धुळीचा खांब गरगरत सडकेवर यायचा. आम्ही डोळे झाकून तोंड फिरवायचो. सर थांबून टोपी काढायचे आणि मान किंचित झुकवायचे, कारण आजीच्या म्हणण्याप्रमाणे त्या वाऱ्यातून ती मंडळी एका टेकाडावरून दुसऱ्या टेकाडावर जातात. एकदा हैदराबादच्या सडकेवर वावटळीमागून एक ट्रक आला. आतल्या सरदारजीला वाटलं, हा आपल्यालाच सलाम करतो आहे. त्यानेही हात वर केला. पुढे तो ट्रकवाला दर खेपेला शाळेपुढून जाताना भोंगा वाजवायचा. सरांना ते कधी समजलं नाही आणि मला सांगवलं नाही.

"सर, तुम्ही हे मानता का?" हा प्रश्न मी त्यांना निदान वीसदा विचारला असेल. एकदा म्हणाले, "साहेबाची आजी मानायची." एकदा म्हणाले, "पाणी फेकण्याआधी सांगायला आपलं काय जातं?" एकदा म्हणाले, "तुम्ही चार वर्षांपूर्वी मध्य प्रदेशात होता, मग मुंबई राज्यात गेलात, आता महाराष्ट्रात आलात. खोली बदलली का? नाही. मग हे तुम्ही मानता की नाही?"

आता हरसिंगचं सांगतो, कारण सगळं त्याच्यापाशी येऊन थांबतं.

हरसिंग आमच्या शाळेचा चपराशी. सहा मैलांवरच्या तांड्यातला. त्याचे आजे-पणजे बैलांवर मीठ आणि धान्य लादून मुलूखभर फिरायचे. बाप शेती करू लागला आणि हरसिंग चौथी शिकून शाळेत घंटा द्यायला आला. त्याला शिक्षणाचं भारी अप्रूप. शनिवारच्या शेवटच्या तासाला सर वहीतली गोष्ट सांगत, तेव्हा हा दाराबाहेर स्टुलावर बसून ऐकायचा आणि कधीकधी घंटा द्यायची विसरायचा.

एका शनिवारी सरांनी बदललेल्या बाईची गोष्ट सांगितली. मधे नुसती लाकडी फळी असल्यामुळे मला माझ्या वर्गात ऐकू येत होतं आणि माझाही वर्ग व्याकरण सोडून कान देऊन बसला होता. एका शेतकऱ्याची बायको बाळंत होते. भली माणसं तिला टेकाडात नेतात आणि तिच्या जागी हुबेहूब तिच्यासारखी दुसरी ठेवून जातात. ही बोलत नाही, हसत नाही, लेकराला जवळ घेत नाही. नवऱ्याला कळतं की ही ती नव्हे. शेवटी तो घरातलं लोखंड लाल करून तिच्यासमोर धरतो, बदललेली किंचाळून पळते आणि खरी दारातून आत येते. सरांनी ती इतकी सुरेख सांगितली की संपल्यावर मुलं उठायलाच तयार नव्हती.

पुढच्या आठवड्यात हरसिंगने सरांना विचारलं, "सर, त्या गोष्टीतलं लोखंड कोन्तं होतं? कोन्तंबी चालते का?"

"घरातलं. रोजच्या वापरातलं," सर म्हणाले. एवढ्या बारकाईने ऐकणारा मिळाला म्हणून ते खूश झाले.

त्याच आठवड्यात शनिवारी दुपारी हरसिंग माझ्याकडे रजेचा अर्ज तपासून घ्यायला आला. त्याने स्वतः लिहिला होता. 'माझी बायको बदलली असल्या कारणाने तीन दिवसांची रजा मिळावी.' मी मराठीचा मास्तर. मी 'बदलली' खोडलं, 'आजारी' लिहिलं आणि 'असल्या कारणाने'चं 'असल्यामुळे' केलं. त्याने कागदाकडे पाहिलं, खोडलेल्या शब्दावरून बोट फिरवलं आणि अर्ज घेऊन गेला.

रविवारी सकाळी चहा पिताना मी ती गंमत म्हणून सरांना सांगितली. सरांनी कप खाली ठेवला. ठेवला म्हणजे सोडला, बशीत चहा सांडला.

"तिला बाळंत होऊन किती दिवस झाले?" त्यांनी विचारलं.

"महिना-सव्वा महिना. का?"

"सायकल काढा."

सरांना सायकल येत नव्हती. ते मागे बसले, कोटाच्या बाह्या माझ्या पोटाभोवती घट्ट आवळून. वाटेत भर रानात एक मोठी वावटळ आमच्या अगदी अंगावरून गेली. त्यांचा हात टोपीकडे गेला नाही.

तांड्यात शिरलो तर एका घरापुढे पाच-पंचवीस माणसं जमलेली. अंगणात चूल पेटलेली, तिच्या निखाऱ्यांत एक विळा खुपसलेला. हरसिंग चुलीपुढे उकिडवा बसून फुंकत होता. त्याची म्हातारी आई लहान लेकराला छातीशी धरून त्याच्यावर ओरडत होती. आणि भिंतीला टेकून त्याची बायको बसली होती. जमनी तिचं नाव. आरशांची ओढणी खांद्यावरून खाली गेलेली, बांगड्यांनी भरलेले दोन्ही हात मांडीवर पडलेले. ती चुलीकडे पाहत नव्हती, माणसांकडेही नाही. एवढं सगळं तिच्यासाठी चाललं होतं आणि तीच तिथे नसल्यासारखी होती. खरं सांगतो, तिच्याकडे पाहून क्षणभर माझ्याही अंगावर काटा आला.

"हरसिंग, तो विळा बाहेर काढ," सर म्हणाले.

हरसिंगने वर पाहिलं. त्याचे डोळे धुराने की कशाने लाल झाले होते. "सर, तुमी आले, बरं झालं. तुमीच धरा. माह्यानं होत नाही."

"अरे, ती गोष्ट होती."

"म्हंजे खोटी?"

सरांनी चुलीतल्या विळ्याकडे पाहिलं. "हो. खोटी."

"मंग पाणी फेकाच्या आंदी हाक कायले देता?" हरसिंग उठून उभा राहिला. "मी चार साल पाहून राह्यलो. वावटळीले टोपी काढता. पोट्टे हासतात तरी काढता. खोट्यासाठी कोनी आपल्यावर हासू घेते का, सर?"

सरांनी माझ्याकडे पाहिलं. वीसदा मी हेच विचारलं होतं आणि वीसदा ते सुटले होते.

म्हातारी मला म्हणाली, "मी कवाची सांगून राह्यली, बाई थकली हाये. तूप खाऊ घाला, झोपू द्या, एकली सोडू नका. माह्या दुसऱ्या लेकीच्या टायमाले मलेबी असंच झालतं. तं हा म्हन्ते, याडी, तुले काय समजते, हे इंग्रजी पुस्तकातलं हाये!"

याडी म्हणजे आई. तांड्यातल्या त्या अडाणी आईला खरं माहीत होतं आणि शाळेतून घरी गेलेलं ज्ञान चुलीत तापत होतं. आम्ही दोघं शिकलेले पायाखालच्या जमिनीकडे पाहत उभे राहिलो.

"मले माही जमनी पायजे, सर," हरसिंग म्हणाला. "हे कोन बसली हाये मले मालूम नाही. पोट्टीकडे पायत नाही. माह्याकडे पायते तं भिंतीकडे पायल्यावानी पायते. सव्वा महिना झाला. तिले कुठं नेलं असन त्याईनं?"

तेव्हा सरांनी डोक्यावरची टोपी काढली, तिची घडी करून विळ्याच्या मुठीला धरली, तो निखाऱ्यातून ओढला आणि शेजारच्या पाण्याच्या घागरीत बुडवला. फस्सकन वाफ आली. जळक्या टोपीचा वास सुटला.

"ऐक," ते म्हणाले. एकदम वर्गातला आवाज. "तापवायची गरज नसते. थंड लोखंडसुद्धा त्यांना सोसत नाही. बदललेली असली तर हात लावू शकणार नाही. तिची ती असली तर लावेल. हे मी वर्गात सांगायचं विसरलो होतो. चूक माझी."

हे खरोखरच वहीत होतं, की त्यांनी तिथल्या तिथे रचलं? मला माहीत नाही. मला एवढंच सुचलं, की तिने हात लावला नाही तर? सरांनाही ते सुचलं असणार, तरी विळा घेऊन ते जमनीकडे गेले.

ते तिच्यापुढे मातीत मांडी घालून बसले. विळा दोघांच्या मधे ठेवला. तिने पाहिलंही नाही. लेकरू रडायला लागलं, म्हातारीने त्याला थोपटलं. सरांच्या कपाळावरून घाम वाहत होता. मग ते अगदी हळू, परक्या घरी गेलेला माणूस विचारतो तसं म्हणाले, "बाई, तुझं नाव काय?"

तिने मान किंचित वळवली. त्या महिनाभरात तिच्याविषयी सगळे बोलले असतील. तिच्याशी कोण बोललं होतं, देव जाणे. ती सरांकडे पाहत राहिली. मग तिची नजर खाली विळ्यावर आली. तिने हात पुढे केला. हरसिंगचा श्वास मला ऐकू येत होता. तिने विळा उचलला, ओढणीच्या कडेने त्याची काजळी पुसली, जळून काळी झालेली लाकडी मूठ फिरवून पाहिली.

"ई मारो छ," ती म्हणाली.

"माहा हाये म्हन्ते," म्हातारी ओरडली. "तिचाच होय तो! मायच्या घरून आनला तिनं. अन् हा येडा तोच घेऊन बसला जाळाले!"

हरसिंग होता तिथे खाली बसला आणि तोंड गुडघ्यांत घालून रडू लागला. जमनीने त्याच्याकडे पाहिलं. मग त्यांच्या बोलीत ती पुष्कळ काहीतरी बोलली, खरखरीत आवाजात, न थांबता, आणि ते काही गोड नव्हतं. म्हातारीला हसू फुटलं. मी विचारलं, काय म्हणते?

"म्हन्ते, मूठ जाळली, आता नवी कोन बसवीन?"

एका दिवसात सगळं ठीक झालं, असं मात्र नाही. पुढच्या दोन दिवसांत सरांनी सरकारी दवाखान्यातल्या नर्सबाईंना गाठलं, त्यांना बैलगाडीत घालून तांड्यावर नेलं. नर्सबाईंनी जे सांगितलं ते बहुतेक म्हातारीनेच आधी सांगितलेलं होतं. जमनी पुसदकडे माहेरी चार-पाच महिने राहिली. कधी बरं, कधी पुन्हा तसंच. हरसिंग दर बाजाराच्या दिवशी तिकडे जायचा. पावसाळ्याच्या शेवटी ती परत आली.

सरांनी गोष्टी बंद केल्या. शनिवारच्या शेवटच्या तासाला ते कर्मणी प्रयोग शिकवू लागले. मुलांनी खूप विनवलं. हरसिंगनेसुद्धा विनवलं, "सर, आता मी समजून ऐकतो." पण नाही. वह्या कुठे गेल्या मला ठाऊक नाही. पाणी फेकताना ते आता काही बोलत नसत, पण बादली हातात घेऊन दारात बराच वेळ उभे राहत आणि मग एका कडेला हळूच ओतत. मी एकदा म्हटलं, "सर, तुमच्यामुळेच ती वाचली." ते म्हणाले, "माझ्यामुळेच विळा तापला होता." आणि आत गेले. या दोन्हींतलं कुठलं वजनदार हे मी पुष्कळदा तोलून पाहिलं आहे, काटा एका जागी थांबत नाही.

त्यानंतर दोन-अडीच वर्षांनी, सर निवृत्त व्हायच्या सुमारास, बाजारात मला "गुर्जी!" अशी हाक आली. जमनी होती. पाटीत मिरच्या, बोटाला धरून लहान पोट्टी. अंगाने भरली होती. मी ओळखलंच नसतं.

इकडचं-तिकडचं बोलणं झालं. मग ती एकदम म्हणाली, "गुर्जी, मोठ्या सरायले एक सांगजा. आमच्या घरधन्याचं चुकलं नोहतं. मी नोहतीच तवा. तिथं कोनी दुसरीच बसली होती. मी तिले पाहत होती."

"कुठून?"

"दुरून."

"म्हणजे कुठून?"

तिने विचार केला, अगदी मनापासून. "तेच तं याद येत नाही," ती म्हणाली आणि गिऱ्हाइकाकडे वळली.

मी तसाच घरी जाऊन सरांना सांगितलं. त्यांनी ते मला पुन्हा एकदा सांगायला लावलं. मग म्हणाले, "परत कशी आली, ते विचारलंत?"

"नाही."

"मास्तर!" ते इतक्या जोराने ओरडले की मी दचकलो. "तेवढं एकच विचारायचं होतं!"

आम्ही बाजारात पोचलो तेव्हा पालं उतरत होती. जमनी गाडीवर रिकामी पाटी ठेवत होती, हरसिंग बैल जुंपत होता. सर धापा टाकत तिच्यापुढे उभे राहिले. मी त्यांना कोणाला असा प्रश्न विचारताना कधी ऐकलं नव्हतं. मास्तर विचारतो तसा नव्हता तो, ज्याला खरंच माहीत नाही त्याचा होता.

"बाई, तू परत कशी आलीस?"

जमनीने त्यांच्याकडे पाहिलं, मग हरसिंगकडे. हरसिंगने मान खाली घातली आणि बैलाची वेसण चाचपत राहिला.

"सर, तुमाले खरं सांगू?" ती म्हणाली. "मी परत आली का नाही, हेबी मले पक्कं मालूम नाही. पन पोट्टी आता मलेच याडी म्हन्ते."

आणि तिने पोरीला काखेत उचललं, गाडीत बसवलं आणि तिच्या शेजारी स्वतः बसली.